सिंकटर्म, सिंक्रोनेट आणि माऊस: तीन आठवडे एका हाताने बीबीएस

डाव्या हाताला तीन आठवडे प्लास्टर होतं. टायपिंग म्हणजे उजव्या हाताने एकेक बटण शोधत बसणं, आणि बीबीएस, म्हणजे टर्मिनलवरून जोडायचं अक्षरांचं बुलेटिन बोर्ड, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत कीबोर्डवर चालणारी गोष्ट. म्हणून सिंकटर्म या बीबीएसला जोडणाऱ्या टर्मिनल प्रोग्राममधला रिमोट माऊस (क्लिक बोर्डाकडे पाठवणारी सोय), जो मी इतकी वर्षं बंदच ठेवायचो, तो चालू केला आणि ठरवलं की जिथे जिथे क्लिकने काम होतंय तिथे कीबोर्डला हात लावायचा नाही. सिंक्रोनेट या बीबीएस सॉफ्टवेअरवर चालणारे दोन बोर्ड, डॉसच्या जमान्यातला एक खरोखरचा जुना बोर्ड आणि काही डोअर गेम्स (बोर्डामधून उघडणारे वेगळे खेळ), एवढ्यावर वापरून बघितलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. क्लिकचं रूपांतर बोर्डाला आधीपासून समजणाऱ्या बटणात झालं तर बीबीएसवर माऊस अगदी छान चालतो. बोर्डाला क्लिक नावाची वेगळी गोष्ट शिकवायला गेलं की मग भानगडी सुरू होतात.

ज्यांनी बीबीएस कधी बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडंसं. १६ फेब्रुवारी १९७८ ला शिकागोमध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी सीबीबीएस सुरू केलं, मोडेमवरून त्या नंबरला फोन लावायचा, लाईन एकच, म्हणजे एक जण आत असला की बाकीच्यांना एंगेज टोन. पडद्यावर फक्त अक्षरं. मेनूमधलं एक अक्षर दाबायचं आणि पुढे जायचं. आज बहुतेक बोर्ड टेलनेटवर, म्हणजे इंटरनेटवर, आलेत पण पडदा तोच आहे, ८० कॉलम, २४ किंवा २५ ओळी, अँसी या रंग-कर्सरच्या कोडचे १६ रंग, आणि त्या पडद्यावर जीव लावणारी माणसं अजून आहेत, मी त्यातलाच.

सिंक्रोनेटबद्दल आधी लिहितो कारण सगळ्यात चांगला अनुभव तिथला. यात मेनूच्या मजकुरात ज्या अक्षराच्या आधी टिल्डेची (~) खूण टाकलेली असते ते अक्षर कमांड म्हणून ठळक दिसतं, ही सोय जुनीच आहे. आता त्याच अक्षराच्या जागी हॉटस्पॉटही, म्हणजे क्लिक करायची जागाही, तयार होतो. मी मेसेजेसमधल्या ठळक एमवर क्लिक केलं, मेसेजचा मेनू उघडला, झालं. पडदा जराही बदललेला नाही, कुठे नवीन बटणं काढलेली नाहीत, सिसॉपने, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्याने, पंचवीस वर्षांपूर्वी हाताने काढलेला अँसी मेनू जसाच्या तसा आहे, आणि बोर्डाच्या आतल्या बाकी कोडला माऊसचा पत्ताही नाही, त्याला एम मिळाला एवढंच. हो-नाहीचे प्रश्न, पान भरल्यावर थांबणारा प्रॉम्प्ट, सगळीकडे तेच. ज्याला माऊस नको त्याने आपल्या टर्मिनल सेटिंगमध्ये तो बंद करावा, बाकी कुणाला काही फरक पडत नाही. मला हे फार आवडलं, मनापासून सांगतो.

आत काय होतं ते बघितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून कॅप्चर, म्हणजे बाइटांची नोंद, चालू करून बघितलं. ही एक्सटर्म या युनिक्सवरच्या टर्मिनलची पद्धत आहे. बोर्ड टर्मिनलला एक एस्केप कोड, म्हणजे एस्केपच्या बाइटने सुरू होणारी खूण, पाठवतो, त्यात १००० हा आकडा आणि शेवटी स्मॉल एच, म्हणजे आता माऊस कळवत जा. मग बटण दाबलं की टर्मिनलकडून सहा बाइट जातात (सोडलं की परत सहा): एस्केप, चौकोनी कंस, कॅपिटल एम, आणि पुढे बटण, कॉलम, ओळ असे तीन, प्रत्येकात ३२ मिळवलेले. ८० कॉलमच्या पडद्यावर सगळ्यात मोठा आकडा होतो ११२, म्हणजे सात बिटांच्या जुन्या लाईनवरही तो सुखरूप पोचतो. १३२ कॉलम घेतले की मात्र १२७ च्या पुढे जातं, आणि २२३ कॉलमनंतर तर एका बाइटमध्ये मावतच नाही. नंतर आलेल्या १००६ नंबरच्या पद्धतीत आकडे सरळ अंकांमध्ये लिहून पाठवतात, मर्यादा गेली पण संदेश लांबला, चाळिसाव्या कॉलमवर बाराव्या ओळीत क्लिक केलं तर अकरा बाइट, आणि बटण सोडल्याचे परत अकरा.

टेलनेटवर अकरा बाइट म्हणजे काहीच नाही. पण खरा मोडेम लावून बसणारे लोक अजून आहेत आणि त्यांच्यासाठी हिशोब करायला हवा. २४०० बिट प्रति सेकंदाच्या मोडेमवर सेकंदाला २४० अक्षरं जातात, म्हणजे ८० बाय २५ चा पूर्ण पडदा भरायलाच आठ सेकंदांच्या वर. तिथे अकरा बाइट एका सेकंदाच्या विसाव्या भागात निघून जातात, कळतही नाही. ३०० वर मात्र सेकंदाला तीसच अक्षरं, म्हणजे दाबलं आणि सोडलं मिळून पाऊण सेकंद गेला, आणि तोच एम कीबोर्डवर दाबला असता तर एक बाइट. ३०० वर माऊस वापरू नका, एवढंच सांगेन.

खरा घोळ १००३ नंबरच्या पद्धतीचा. यात क्लिक तर कळवतातच, शिवाय माऊस नुसता हलला तरी प्रत्येक घराला (एका अक्षराच्या जागेला) एक संदेश जातो. एका बोर्डवर सिसॉपने हौसेने हे चालू ठेवलं होतं, कर्सर मेनूवरून नेला की ती ओळ उजळायची. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू. पण पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एकदा हात फिरवला की ऐंशी संदेश, जुन्या सहा बाइटवाल्या पद्धतीनेसुद्धा ४८० बाइट, म्हणजे २४०० च्या लाईनवर दोन सेकंद लाईन त्यातच अडकली. बीबीएसच्या मेनूला १००० पुरेसा आहे.

आता जे सगळ्यात त्रासदायक झालं ते. एका बोर्डवर, नाव घेत नाही, एक डोअर गेम माऊस चालू करायचा आणि बाहेर पडताना बंद करायला विसरायचा. मी गेममधून मेनूवर आलो, मला वाटलं इथेही क्लिक चालत असेल, चौदाव्या ओळीत एकोणचाळिसाव्या कॉलमवर क्लिक केलं. बोर्डाचा हा मुख्य मेनू जुन्या पद्धतीचा, त्याला माऊस माहीतच नाही, त्याने ते सहा बाइट सहा बटणं दाबल्यासारखे वाचले. एस्केप आणि कंस सोडून दिले, एम वाचला आणि मेसेजचा मेनू उघडला, मग स्पेस, आणि मग कॉलम: एकोणचाळीस अधिक बत्तीस एकाहत्तर, आणि एकाहत्तर म्हणजे कॅपिटल जी. त्या बोर्डवर जी म्हणजे गुडबाय, कुठूनही चालतो, विचारणाही होत नाही. लाईन कट. दोनदा असं झाल्यावर मी कॅप्चर फाईल उघडून एकेक बाइट मोजला तेव्हा कळलं. अर्धवट लिहिलेला मोठा मेसेज पडद्यावर असता तर तो असाच गेला असता आणि माणसाला कारणही समजलं नसतं.

याच्याच जवळची दुसरी अडचण एस्केपची. बोर्डाला एस्केप मिळाला तर माणसाने बाहेर पडायला एस्केप दाबलंय की क्लिकचा पहिला बाइट आलाय हे त्याला थांबून बघावं लागतं. किती थांबायचं? ३०० च्या लाईनवर नुसता पुढचा बाइट यायलाच तेहतीस मिलिसेकंद, आणि टेलनेटवर पाकीट मधेच तुटून उरलेलं मागाहून येऊ शकतं. कमी थांबलं तर क्लिक तुटतो, जास्त थांबलं तर एस्केप दाबणाऱ्याला बोर्ड मंद वाटतो.

म्हणूनच मला रिपस्क्रिपची आठवण आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टेलीग्राफिक्सने काढलेली ही पद्धत, ६४० बाय ३५० चा ईजीए या जुन्या ग्राफिक्सचा पडदा, सोळा रंग, रेषा, बटणं, आयकॉन, आणि हे सगळं साध्या अक्षरांच्या कमांडमधून पाठवायचं, आकडे छत्तीसच्या पायात (० ते ९ आणि ए ते झेड). त्यात माऊससाठी एक कमांड होती, पडद्यावरचा एक आयत सांगायचा आणि सोबत एक मजकूर द्यायचा. त्या आयतात क्लिक झालं की टर्मिनल तो मजकूर तुम्ही टाईप केल्यासारखा बोर्डाकडे पाठवणार. नकाशा टर्मिनलकडे, बोर्डाला फक्त बटण. एक क्लिक, एक बाइट, आणि एस्केपचा प्रश्नच नाही. एक्सटर्मच्या पद्धतीत हाच नकाशा बोर्डाने सांभाळायचा असतो आणि पडदा वर सरकला की तोही सरकवायचा असतो. बघा ना, मोडेमच्या काळातल्या लोकांनी किती नेमका विचार केला होता. पण त्यासाठी रिपचं टर्मिनल लागायचं आणि प्रत्येक मेनू नव्याने काढायला लागायचा.

आता तो जुना बोर्ड. मूळ सॉफ्टवेअर डॉसचं, डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये त्याच्या नकली मोडेमवर चालतं, सोर्स कुणाकडे नाही, त्यामुळे आत बदल शक्य नाही. माझ्या एका मित्राने मधे बसणारा छोटा प्रोग्राम लिहिलाय. बोर्डाकडून येणारं सगळं तो पुढे पाठवतो आणि स्वतःजवळही पडद्याची एक प्रत ठेवतो, क्लिक आलं की त्या जागी किंवा त्याच ओळीत आसपास कंसातलं अक्षर शोधतो आणि तेवढंच बोर्डाला देतो, मॅक्रोसारखं. मी म्हटलं ना, बटणात रूपांतर, तर ते इथे शब्दशः आहे. पहिल्या दिवशी फाईल्सवर क्लिक केलं की गेम्स उघडायचं. कारण शोधायला एक संध्याकाळ गेली: बोर्ड पंचवीस ओळी धरून चालला होता, सिंकटर्मने शेवटची ओळ स्टेटससाठी ठेवलेली, त्यामुळे माझा पडदा एक ओळ वर सरकलेला आणि मित्राची प्रत जागेवर. सिंकटर्ममध्ये ती स्टेटसची ओळ लपवली आणि सगळं जुळलं.

याच प्रोग्राममुळे ट्रेडवॉर्स २००२, म्हणजे अंतराळातल्या व्यापाराचा डोअर गेम, खेळता आलं, नाहीतर एका हाताने मी नाद सोडला होता. तिथे सेक्टरचे नंबर टाईप करावे लागतात, एका अक्षरावर भागत नाही. मित्राने एवढंच वाढवलं की जवळच्या सेक्टरची यादी येते त्यातल्या नंबरवर क्लिक केलं की तो नंबर आणि एंटर जाणार. सेक्टरमागून सेक्टर नुसतं क्लिक करत फिरलो, रात्री दीड वाजले तरी उठवेना. लेजंड ऑफ द रेड ड्रॅगन या दुसऱ्या डोअर गेमला तर काही वाढवायचीही गरज पडली नाही, कंसात एफ असलेला फॉरेस्ट, क्लिक, जंगलात.

एक गैरसोय मात्र या पद्धतीच्या कुठल्याही टर्मिनलमध्ये राहणारच. माऊस बोर्डाला दिला की तो तुमचा राहत नाही, मजकूर ओढून सिलेक्ट करून कॉपी करायला जावं तर क्लिक बोर्डाकडे जातात. सिंकटर्ममध्ये ऑल्ट-ओने रिमोट माऊस तेवढ्यापुरता बंद करता येतो, कॉपी करायचं, परत ऑल्ट-ओ. सवय होते, पण एका हातावर ऑल्ट-ओ सोपं नाही हेही सांगतो.

मेसेज लिहिताना अर्थातच माऊसचा काही उपयोग नाही.

सिंकटर्म आणि सिंक्रोनेटची जोडी मी पाचपैकी साडेचारला ठेवीन, अर्धा त्या कॉपीच्या त्रासासाठी. मित्राच्या प्रोग्रामला, जुन्या बोर्डाच्या एका बाइटलाही हात न लावता त्याने जे केलं त्यासाठी, पूर्ण पाच.

प्लास्टर निघालंय. मेनूमध्ये आता परत बोटंच चालतात, पण सेक्टरच्या यादीवर माऊस चालूच ठेवलाय. आणि सिसॉप लोकांना एक विनंती, डोअरमधून माणूस मेनूवर परत आला की १००० आणि स्मॉल एलवाला माऊस बंद करायचा कोड बोर्डाकडूनच एकदा पाठवून द्या, गेमने पाठवला असेल तरीही. १००३ आणि १००६ चंही तेच. सगळे मिळून पंचवीसेक बाइट होतात, २४०० वरही कुणाला जाणवणार नाहीत, आणि एकोणचाळिसाव्या कॉलमवर क्लिक करणाऱ्याची लाईन वाचेल.