सिडनी, मेलबर्न की ॲडलेड? वसाहतकाळात वरिष्ठ सभागृहाची खुर्ची निवडायची तर

समजा साल १८६० आहे. लोकरीच्या किंवा सोन्याच्या खाणींभोवतीच्या व्यापारात तुम्ही बक्कळ पैसा केलाय, वय पस्तीस-चाळीस, आणि आता नावाआधी ‘ऑनरेबल’ लागावं अशी हौस आहे. खालच्या सभागृहात जायचं तर दर निवडणुकीला गावोगाव ओरडत फिरा. त्यापेक्षा वरचं सभागृह, म्हणजे लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, बरं. प्रश्न एवढाच की कोणत्या वसाहतीतलं? (तुम्ही पुरुष आहात हे गृहीत धरलंय. बाई असाल तर पुढची चौतीस वर्षं कुठेच दार उघडं नाही.)

निवडण्याआधी एक गोष्ट मनातून काढून टाका. आपल्या विधान परिषदेवरून इथला अंदाज बांधू नका. आपली परिषद विधेयक फार तर काही महिने रखडवते, आणि अर्थ विधेयक तर चौदा दिवसांपलीकडे अडवूही शकत नाही. ऑस्ट्रेलियन वसाहतींना १८५५ च्या सुमारास स्वतःच्या राज्यघटना मिळाल्या, तेव्हा वरच्या सभागृहाच्या हाती खराखुरा नकाराधिकार आला. खाली जवळजवळ प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत मिळणार हे दिसत होतं. त्या मतांना लगाम घालायला वरचं घर बांधलं गेलं. लगाम कुणाच्या हाती द्यायचा, याची उत्तरं मात्र तिन्ही शहरांनी वेगळी दिली.

सिडनी: ना जमीन लागते, ना मतदार

न्यू साउथ वेल्समध्ये कौन्सिलसाठी निवडणूक नाही. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने गव्हर्नर नेमणूक करतो. एकवीस वर्षं पूर्ण हवीत आणि ब्रिटिश प्रजाजन असायला हवं, बस. १८५६ ची पहिली तुकडी पाच वर्षांपुरती होती, त्यानंतरच्या नेमणुका तहहयात. सलग दोन अधिवेशनं परवानगीशिवाय गैरहजर राहिलात, दिवाळं काढलंत किंवा मोठ्या गुन्ह्यात सापडलात, तरच खुर्ची जाते. पगार शून्य. तुमच्यासारख्याला त्याची फिकीर नसणार.

खरं तर इथे याहून भपकेदार गोष्ट होणार होती. विल्यम चार्ल्स वेंटवर्थने १८५३ मध्ये वंशपरंपरागत सरदारकीची टूम काढली होती. त्यावर डॅनियल डेनिही नावाच्या पंचविशीतल्या वकिलाने भर सभेत ‘बनयिप सरदार’ म्हणून अशी खिल्ली उडवली की ती कल्पना पुन्हा उभी राहिलीच नाही. बनयिप म्हणजे तिथल्या आदिवासींच्या कथांमधला दलदलीतला राक्षस. सरदारकी हुकली, तहहयात खुर्ची तेवढी हाती लागली.

पण ही खुर्ची दिसते तेवढी भक्कम नाही. मंत्री जॉन रॉबर्टसनच्या जमीन विधेयकांचं प्रकरण बघा. सरकारी जमिनीतून कुणीही ४० ते ३२० एकरांचा तुकडा निवडावा, एकरी एक पौंड भाव, त्यातला चौथा हिस्सा आधी भरावा, असा तो बेत. हजारो एकर भाडेपट्ट्याने धरून बसलेल्या मेंढीमालकांच्या पोटात गोळा आला. कौन्सिलमध्ये त्यांचंच वजन होतं, विधेयकं अडली. पहिल्या तुकडीची मुदत संपायला काहीच दिवस उरले होते. वसाहतीचा मुख्यमंत्री चार्ल्स काउपरने गव्हर्नर सर जॉन यंगला गळ घातली आणि यंगने एका झटक्यात एकवीस नवे सदस्य नेमले. १० मे १८६१ रोजी ते शपथ घ्यायला सभागृहात येऊन बसले. अध्यक्ष सर विल्यम बर्टन यांनी राजीनामा जाहीर केला आणि ते उठून चालते झाले, पाठोपाठ जुने सदस्यही. अध्यक्षच नाही तर शपथ देणार कोण? नवे एकवीसजण हात चोळत बसले. मुदत संपली, सगळं सभागृह नव्याने नेमावं लागलं, जमीन कायदे त्याच वर्षी मंजूर झाले. लंडनहून यंगची कानउघाडणी झाली, पण पायंडा पडायचा तो पडलाच. आणि नव्या, तहहयात सभागृहाचा अध्यक्ष कोण? तोच वेंटवर्थ.

तात्पर्य तुमच्यापुरतं असं: इथे तुमचं मत मंत्रिमंडळाचा संयम सुटेपर्यंतच चालतं. १८९९ मध्ये सर्व वसाहतींच्या संघराज्याचा प्रश्न कौन्सिलने अडवला, तेव्हा मुख्यमंत्री जॉर्ज रीडने आणखी बारा सदस्य आत घातले आणि गाडी पुढे गेली. ‘राज्यपालनियुक्त बारा’ हे शब्द ऐकून मराठी वाचकाच्या कपाळावर आठी चढेल, पण तिथे बाराजणांची यादी काही वर्षं पडून राहिली नाही.

शिवाय हुशार लोक ही जागा तहहयात धरून ठेवत नसत. पुढे ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झालेला एडमंड बार्टन १८८७ मध्ये कौन्सिलमध्ये गेला आणि १८९१ मध्ये खालच्या सभागृहासाठी बाहेर पडला. त्याच्या लेखी ते मधलं स्टेशन होतं.

मेलबर्न: खरेदीखत दाखवा

आधी इमारती बघा, फरक लगेच कळेल. सिडनीचं कौन्सिल बसतं ते ग्लासगोत ओतलेल्या लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत. ती सोन्याच्या खाणींच्या मुलखासाठी मेलबर्नला आली होती, तिथून १८५६ मध्ये जहाजाने सिडनीला नेली. ज्या खोक्यांतून ती आली, त्यांच्याच फळ्या भिंतींना आतून ठोकल्या आहेत. मेलबर्नच्या स्प्रिंग स्ट्रीटवर त्याच वर्षी सोन्याच्या पैशातून कोरीव स्तंभांचं, सोनेरी नक्षीचं दालन उभं राहिलं. ज्यांना बसायच्या जागेवरूनच रुबाब ठरवायचा असतो, त्यांनी इथे वाचणं थांबवलं तरी चालेल.

व्हिक्टोरियाचं कौन्सिल निवडून येतं. सहा प्रांत, प्रत्येकी पाच, असे तीस सदस्य. मुदत दहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक पंचमांश निवृत्त. वय तीस. आणि मालकीची ५,००० पौंडांची किंवा वर्षाला ५०० पौंड उत्पन्नाच्या किमतीची स्थावर मालमत्ता हवी. इथे भल्याभल्यांची गोची होते. वीस हजार मेंढ्या असतील, पण त्या सरकारी भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर चरत असतील, तर त्यांचा उपयोग नाही. सातबारा तुमच्या नावाचा हवा, असं म्हणा ना. मतदार व्हायलाही साधारण १,००० पौंडांची मालमत्ता लागते. पदवीधर, वकील, डॉक्टर, पाद्री यांना मात्र त्याशिवाय मत मिळतं. एवढ्या गाळणीतून उरलेल्या मतदारांपुढे प्रचार करणं अवघड नाही.

एकदा आत गेलात की बाहेर कोण काढणार? गव्हर्नर हे सभागृह विसर्जित करू शकत नाही. नव्या नेमणुकांनी भरूनही टाकू शकत नाही, कारण नेमणुकाच नाहीत. सिडनीत काउपरने काही दिवसांत जे उरकलं, ते मेलबर्नमध्ये कुठल्याच मुख्यमंत्र्याला जमलं नाही. जानेवारी १८७८ चा प्रसंग यावर पुरेसा बोलका आहे. मुख्यमंत्री ग्रॅहम बेरीने खालच्या सभागृहातल्या सदस्यांचं मानधन थेट अर्थसंकल्पी विधेयकात घातलं, कौन्सिलने ते बाजूला ठेवलं, तिजोरीला कुलूप. ९ जानेवारीला, बुधवारी, बेरीने खातेप्रमुख, कनिष्ठ न्यायाधीश, दंडाधिकारी अशा बड्या अधिकाऱ्यांना घाऊक घरी पाठवलं. ‘काळा बुधवार’ हे नाव तेव्हाचं. पुढे कौन्सिलला वेसण घालायला बेरी थेट लंडनला गेला आणि हात हलवत परत आला. मानधन शेवटी मिळालं, पण वेगळ्या विधेयकातून, म्हणजे कौन्सिलला हवं होतं तसंच.

इथला नमुनेदार सदस्य पाहायचा तर विल्यम क्लार्क घ्या. बाप याच सभागृहात, मुलगाही १८७८ पासून इथेच. सनबरीजवळचा रूपर्ट्सवूड नावाचा त्यांचा वाडा क्रिकेटवेड्यांना ठाऊक असेल. ॲशेसच्या छोट्या कलशाची गोष्ट १८८२ च्या नाताळात तिथेच सुरू झाली असं सांगतात. एवढा जमीनजुमला नसेल तर मेलबर्नचा नाद सोडा, किंवा थांबा: १८६९ मध्ये अट निम्म्यावर आली, १८८१ मध्ये आणखी खाली, आणि मुदतही सहा वर्षांवर.

ॲडलेड: खिसा हलका चालेल, ओळख हवी

दक्षिण ऑस्ट्रेलियाचा मसुदा मला तिन्हींत सगळ्यात हुशार वाटतो. अठरा सदस्य, मुदत बारा वर्षं, दर चार वर्षांनी सहाजण निवृत्त. वय तीस आणि तीन वर्षं वास्तव्य हवं, पण उमेदवाराला मालमत्तेची अट नाही. अट मतदाराला आहे, आणि तीही मेलबर्नच्या मानाने किरकोळ: ५० पौंडांची मालकीची जमीन किंवा वर्षाला २५ पौंड भाड्याचं घर पुरतं. मेख अशी की १८८० च्या दशकापर्यंत अख्खी वसाहत म्हणजे एकच मतदारसंघ. ॲडलेडच्या चार रस्त्यांवर नाव चालतं तेवढ्याने भागत नाही, तांब्याच्या खाणींच्या गावांतही ते माहीत हवं.

अधिकाराच्या बाबतीत इथलं सभागृह मेलबर्नइतकं हटवादी नाही. १८५७ मध्येच दोन्ही सभागृहांनी तडजोड केली: अर्थ विधेयकात कौन्सिलने स्वतः दुरुस्ती करायची नाही, फक्त सुचवायची. पुढे ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत सिनेटसाठी हीच पद्धत आली. १८५७ मध्येच जॉन बेकर याच सभागृहातून वसाहतीचा मुख्यमंत्रीही झाला. जेमतेम अकरा-बारा दिवसच, पण झाला.

उमेदवाराला मालमत्तेची अट नसण्याचं फळ १८९१ मध्ये दिसलं. जहाजी कामगारांचा गथ्री, छापखान्यात खिळे जुळवलेला कर्कपॅट्रिक आणि इंजिनियर चार्ल्सटन असे मजूर पक्षाचे तिघे कौन्सिलमध्ये निवडून आले. तोवर सदस्यांना वर्षाला २०० पौंडही मिळू लागले होते. १८९४ मध्ये बायकांना मत आणि उमेदवारी दोन्ही मिळाली. या कौन्सिलात पहिली बाई मात्र १९५९ मध्ये पोचली, तेव्हा त्या कायद्याचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही.

मग कुठे?

नुसता ‘ऑनरेबल’ हवा, अधूनमधून भाषण ठोकायचं, आणि मंत्रिमंडळात मित्र असतील, तर सिडनी. पण एखादा कायदा अडवायच्या इराद्याने जाणार असाल, तर तिथे जाऊ नका. अडवायचंच असेल, आणि खरेदीखतं कपाटात असतील, तर मेलबर्नला तोड नाही. लोक तुम्हाला नावं ठेवतील, पण हात लावू शकणार नाहीत. पैसा बेताचा, जीभ चालणारी आणि फिरायची तयारी असेल तर ॲडलेड. मला विचाराल तर मी तिथेच जाईन.

ब्रिस्बेनचं नाव कुणी सुचवलं तर नम्रपणे नकार द्या. क्वीन्सलँडचं कौन्सिल सिडनीच्याच साच्यातलं, नेमणुकीचं आणि तहहयात. त्या साच्यातलं दुखणं तिथे शेवटास गेलं: मजूर सरकारने आपली माणसं नेमत नेमत बहुमत केलं, आणि ‘आत्मघाती पथक’ म्हणवल्या जाणाऱ्या त्या सदस्यांनी १९२१ मध्ये स्वतःचंच सभागृह बरखास्त करायला हात वर केले. मार्च १९२२ पासून क्वीन्सलँडला वरचं सभागृहच नाही.