विल्किन्सन यांचा मलय-इंग्रजी कोश : कोश अव्वल, छापील प्रत सदोष

गेल्या दिवाळीत मलेशियातल्या पेनांगहून फोनवर बोलताना माझी धाकटी मुलगी म्हणाली की तिकडे वसतिगृहाला ‘असरामा’ म्हणतात, नवऱ्याला ‘सुआमी’ म्हणतात आणि ‘चिंता’ या शब्दाचा अर्थ प्रेम असा होतो. जळगावच्या घरी मी बरीच वर्षे अहिराणी शब्दांच्या चिठ्ठ्या जमवत आलो आहे, त्यामुळे आश्रम, स्वामी आणि चिंता या आपल्या ओळखीच्या शब्दांनी समुद्रापलीकडे असे संसार थाटलेले ऐकल्यावर मला स्वस्थ बसवेना. मलय भाषेचा जुना, मोठा आणि शब्दांची मुळे सांगणारा कोश कोणता, अशी चौकशी केली तेव्हा सगळीकडून एकच नाव पुढे आले, ते रिचर्ड जेम्स विल्किन्सन यांचे. त्यांच्या १९३२ च्या कोशाचे दोन्ही खंड मी, मागणी आल्यावर प्रत छापून पाठवणाऱ्या एका संस्थेकडून मागवले. दोन्ही मिळून साधारण साडेतीन हजार रुपये पडले, पार्सल तीन आठवड्यांनी आले आणि गेले सहा महिने हे खंड माझ्या टेबलावरून हललेले नाहीत. कोश आणि त्याची ही छापील प्रत यांचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे, म्हणून आधी कोशाबद्दल आणि मग प्रतीबद्दल लिहितो.

विल्किन्सन यांचा जन्म १८६७ साली सॅलोनिका येथे झाला. ते शहर त्या वेळी ऑटोमन साम्राज्यात होते आणि त्यांचे वडील तिथे ब्रिटिश वकिलातीत अधिकारी होते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकून १८८९ साली ते मलाया भागातील सरकारी नोकरीत दाखल झाले. शाळाखात्यातून पुढे गेलेली ही नोकरी नेगरी सेंबिलान या मलय राज्याच्या रेसिडेंटपदापर्यंत, म्हणजे तिथल्या ब्रिटिश सल्लागाराच्या पदापर्यंत, पुढे सिंगापूर, पेनांग, मलाक्का यांच्या स्ट्रेट्स सेटलमेंट्स या ब्रिटिश वसाहतीच्या सचिवपदापर्यंत आणि अखेरीस १९१६ ते १९२२ या काळात पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या गव्हर्नरपदापर्यंत गेली. अधिकारपदांची ही यादी मोठी असली तरी माझ्या लेखी त्यांचे खरे काम शाळाखात्यातले आहे. रोमन लिपीत मलय कशी लिहावी याचे नियम १९०४ मध्ये ठरले, ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. पेराक राज्यातल्या क्वाला कांगसार येथील निवासी मलय शाळा १९०५ साली सुरू झाली, तीही त्यांच्याच प्रयत्नांमुळे. गावोगावच्या मलय शाळांमध्ये मलय पुस्तकांची लहान ग्रंथालये असावीत, यासाठीही त्यांनी खटपट केली. मलय लोकांचा इतिहास, कायदा, चालीरीती आणि वाङ्मय यांवरील निबंधांची मालिका १९०७ पासून त्यांच्या संपादनाखाली निघू लागली.

हे सारे राज्यकर्त्याच्या नजरेतून झालेले काम आहे, हे विसरून चालणार नाही. ती निबंधमाला नव्या इंग्रज अधिकाऱ्यांना परीक्षेसाठी उपयोगी पडावी म्हणून निघाली होती, आणि क्वाला कांगसारची शाळा पुढे राजघराण्यांतील आणि सरदारघराण्यांतील मुलांची शाळा म्हणूनच नावाजली. आपल्या खानदेशात १८१८ नंतर कारभार पाहणारे जॉन ब्रिग्ज यांनीच दख्खनचा इतिहासकार फरिश्ता याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर केले होते. सत्ता आणि अभ्यास एकाच हाती असण्याची ही तऱ्हा आपल्याला अनोळखी नाही. तरीही मला वाटते की कोशाची पारख कोशकाराच्या हुद्द्यावरून होऊ नये, त्याने बोलणाऱ्याचे किती ऐकून घेतले यावरून व्हावी. त्या कसोटीवर विल्किन्सन फार वरच्या जागी बसतात.

या कोशाचे दोन अवतार आहेत आणि विकत घेणाऱ्याने त्यांतला फरक आधी समजून घ्यावा. पहिला १९०१ ते १९०३ या काळात सिंगापूरला निघाला. त्यात मलय शब्द जावी, म्हणजे अरबी वळणाच्या लिपीत आणि सोबत रोमन लिपीत दिले आहेत. दुसरा १९३२ चा, संपूर्ण रोमन लिपीतला आणि दोन खंडांचा. निवृत्तीनंतर विल्किन्सन ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर राहायला गेले आणि तिथल्या मितिलिनी गावच्या छापखान्यातच हा कोश छापला गेला. मलय भाषेचा सर्वांत मोठा इंग्रजी कोश एका ग्रीक बेटावर छापून निघावा, ही गोष्ट मुखपृष्ठावर वाचताना आजही नवल वाटते. मराठी वाचकाला इथे मोल्सवर्थ आठवल्यावाचून राहणार नाही. त्यांचा कोश १८३१ चा आणि सुधारलेली आवृत्ती १८५७ ची, म्हणजे मध्ये सव्वीस वर्षे. विल्किन्सन यांच्या दोन कोशांतही सुमारे तीस वर्षांचे अंतर आहे. आपलेच पहिले काम अपुरे आहे असे मानून आयुष्याच्या उत्तरार्धात ते पुन्हा हाती घेणे, हे दोघांनीही केले.

आता आतल्या मजकुराकडे वळतो. पहिल्याच दिवशी मी ‘कापास’ हा शब्द काढला. कापूस आणि कापास यांचे गोत्र एकच, हे जिनिंगच्या गावात वाढलेल्या माणसाला कोशाने सांगावे लागत नाही. परंतु तेवढ्या एका शब्दावरून मी काचा, गुला, जाला, नामा, मुका, उंता असा दिवसभर हिंडत राहिलो. काच, गूळ, जाळे, नाव, मुख, उंट. त्यांतला गूळ तिकडे साखर झाला आहे. ‘पिसांग’ म्हणजे केळे, आणि त्या शब्दाखाली केळ्याच्या जातींची नावे येतात तेव्हा रावेर-यावलचा शेतकरी हरखून जाईल : पिसांग एमास म्हणजे सोनकेळे, पिसांग राजा म्हणजे राजकेळे, पिसांग तांदुक म्हणजे शिंगासारखे लांब आणि वळलेले केळे. आपल्याकडे बसराई आणि श्रीमंती जशी वेगवेगळी ओळखली जाते, तशीच ती ओळख आहे.

याहून गुंतवून ठेवतात ते अर्थ बदललेले शब्द. ‘संसार’ तिकडे ‘सेंगसारा’ होऊन नुसते दुःख, हाल एवढाच उरला. ‘दोसा’ म्हणजे पाप आणि ‘पाहाला’ म्हणजे पुण्य. दोष आणि फळ हे शब्द इस्लामी समाजात पाप-पुण्याची जोडी म्हणून स्थिरावले आहेत. ‘बिचारा’ हा विचार आहे, पण तो बोलणी, सल्लामसलत आणि खटल्याची सुनावणी इथपर्यंत पोचला. ‘पेरकारा’ हा आपला प्रकार, तो बाब किंवा खटला या अर्थाने चालतो. मलाक्काच्या दरबारात आरमाराच्या प्रमुखाला ‘लक्सामाना’, म्हणजे लक्ष्मण, ही पदवी होती. ‘सुका-दुका’ आणि ‘सौदारा’ हे जोडशब्द आणि नातेवाचक शब्द तर मुलीने फोनवर उच्चारले तेव्हा पत्नीने स्वयंपाकघरातून ‘सुखदुःख आणि सहोदर’ असे अर्थ स्वतःच सांगून टाकले.

मात्र केवळ संस्कृत शब्द शोधत बसणे हा या कोशावर अन्याय आहे, आणि माझ्याकडून तो पहिले दोन महिने झाला हे मान्य केले पाहिजे. विल्किन्सन यांची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. शब्द कोणत्या जुन्या हस्तलिखितात आला आहे याची खूण ते संक्षेपाने देतात, तो कुठल्या मुलखात वापरला जातो हे सांगतात, आणि शब्दाच्या पोटात म्हणी, वाक्प्रचार, झाडांची, माशांची, होड्यांच्या भागांची नावे गोळा करतात. ‘पांतुन’ या चार ओळींच्या मलय पद्यांच्या संग्रहावर त्यांनी मलय भाषेचे दुसरे इंग्रज अभ्यासक रिचर्ड विन्स्टेड्ट यांच्यासोबत काम केले, तो १९१४ मध्ये निघाला. आपल्या जात्यावरच्या ओव्यांप्रमाणे तोंडातोंडी चालत आलेल्या त्या रचनांतले शब्द कोशात शिरले आहेत, हे नोंदी वाचताना जाणवते.

याचा परिणाम माझ्या स्वतःच्या कामावर झाला. माझ्या जुन्या चिठ्ठीवर ‘कळणा : भाकरीचे पीठ’ एवढेच लिहिले होते. विल्किन्सन यांच्या नोंदी वाचल्यावर ती चिठ्ठी मला लाजिरवाणी वाटली. आता तिच्यावर ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळतात हे आहे, ते प्रमाण कुणाकडून ऐकले हे आहे, डाळ केल्यावर उरणाऱ्या चुरीलाही मराठीत कळणा म्हणतात हे आहे, आणि ऐकलेले एक पूर्ण वाक्य आहे. आंडोर (मुलगा) आणि आंडेर (मुलगी), वावर (शेत), बठ्ठा (सगळा) या रोजच्या अहिराणी शब्दांच्या चिठ्ठ्याही मी नव्याने लिहायला घेतल्या आहेत. बोलीभाषेचे शब्द जमवणाऱ्या कुणालाही, त्याला मलय भाषेचे काडीचेही ज्ञान नसले तरी, हा कोश महिनाभर शेजारी ठेवावा असे मी सांगेन.

जावी लिपीतला १९०१ चा कोश मी संगणकावर पाहिला, आणि त्याची काही पाने छापून भुसावळच्या एका उर्दू शिक्षक मित्राकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून पहिल्या चार-पाच शब्दांचे उच्चार सहज केले आणि मग एका अक्षरावर बोट ठेवून थांबले. ऐन या अक्षरावर तीन नुक्ते होते. असे अक्षर उर्दूत नाही. मलयमध्ये ते ‘ङ’ या उच्चारासाठी आहे. उर्दूत ‘प’साठी बे या अक्षराखाली तीन नुक्ते देतात, जावीत फे या अक्षरावर तीन नुक्ते देऊन ‘प’ होतो. एवढे कळल्यावर त्यांनी पानेच्या पाने वाचून दाखवली, आणि त्यांना अर्थ न कळता व मला लिपी न कळता आम्ही दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत तो कोश वाचला. ज्यांना उर्दू लिपी येते त्यांनी पहिला कोश अवश्य पाहावा. बाकीच्यांनी १९३२ चाच घ्यावा.

आता प्रतीबद्दल, आणि इथे तक्रार गंभीर आहे. हे पुनर्मुद्रण जुन्या पुस्तकाची छायाचित्रे घेऊन केलेले आहे आणि ती छायाचित्रे कुणी तपासलेली दिसत नाहीत. काही पाने तिरकी आली आहेत, शिवणीकडचा समास इतका कमी आहे की आतल्या ओळींची टोके वाचण्यासाठी खंड दोन्ही हातांनी ताणावा लागतो, आणि बारीक खुणा पुसट झाल्या आहेत. यातली शेवटची चूक कोशाच्या मुळावर येते. मलयमधील ‘ई’ (e) हे रोमन अक्षर दोन प्रकारे उच्चारले जाते, एक आपल्या ‘ए’सारखे आणि दुसरे ओझरत्या ‘अ’सारखे. दुसऱ्या उच्चारासाठी विल्किन्सन त्या अक्षरावर लहानशी अर्धचंद्राकृती खूण देतात. ‘परांग’ म्हणजे युद्ध आणि ‘पेरांग’ म्हणजे तांबूस. रोमन लिपीत दोन्ही एकाच अक्षरांनी लिहिले जातात आणि त्यांच्यातला भेद त्या खुणेवर उभा असतो. माझ्या प्रतीत कित्येक पानांवर ती खूण धुळीच्या कणासारखी दिसते, तर काही पानांवर मुळीच दिसत नाही. संस्थेला पत्र लिहिल्यावर त्यांनी पहिला खंड बदलून दिला, याबद्दल त्यांचे आभार. पण छायाचित्रे तीच असल्यामुळे नव्या खंडातही दोष तसेच आले.

बांधणी महिनाभरात कण्यातून सुटली. आमच्या भागातील वयस्क बाइंडरकडे खंड नेला, तेव्हा त्यांनी पाने बोटांनी पिसून पाहिली आणि सांगितले की ही सगळी पाने सुटी चिकटवलेली आहेत, घड्या नाहीत, म्हणून जुजबंदी, म्हणजे घड्या शिवून केलेली बांधणी, करता येणार नाही. आणि कडेने टाके घातले तर आधीच कमी असलेला समास आणखी खाल्ला जाईल. त्यांनी कण्याची कड खरवडून जाळीचे कापड लावले, वर कापडी पुठ्ठा चढवला आणि खंड दोन दिवस दाबाखाली ठेवला. आता तो टेबलावर सपाट उघडा राहतो. मूळ बांधणीपेक्षा हे काम कितीतरी सरस झाले आहे, आणि दुसरा खंडही मी त्यांच्याकडेच देणार आहे.

आजची मलय शिकू पाहणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७२ साली मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी लेखनाचे समान नियम स्वीकारले, त्यामुळे विल्किन्सन जिथे ‘च’ हा उच्चार सी आणि एच या दोन अक्षरांनी लिहितात तिथे आता एकटे सी येते. ‘चिंता’, ‘चेरिता’ असे शब्द शोधताना हे माहीत नसेल तर माणूस चुकीच्या पानावर जाऊन शब्द नाही असे समजतो. मुलीने पाठवलेल्या आजच्या वर्तमानपत्राच्या कात्रणांवरून माझी हीच फसगत झाली होती. आधुनिक कार्यालयीन मलयसाठी हा कोश उपयोगाचा नाही. नव्या नोकरदाराने एखादा लहान, अलीकडचा कोश घ्यावा. हा कोश ज्यांना भाषेच्या तळाशी उतरायचे आहे त्यांच्यासाठी आहे.

१९४१ साली जर्मन सैन्य ग्रीसमध्ये शिरले तेव्हा चौऱ्याहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या विल्किन्सन यांना लेस्बॉस सोडून समोरच्या तुर्की किनाऱ्यावर इझमिरला जावे लागले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथेच ते वारले. अशा माणसाने एवढ्या निगुतीने लावलेल्या खुणा निष्काळजी छपाईत पुसल्या जाव्यात, याचे मला मनापासून वाईट वाटते. हा कोश जरूर घ्यावा, परंतु मागणी नोंदवण्यापूर्वी विक्रेत्याकडून ‘पी’ या अक्षराच्या दोन-तीन पानांचे नमुने मागवावेत, ‘ई’वरची अर्धचंद्राकृती खूण साध्या डोळ्यांनी दिसते का ते पाहावे, आणि दिसत नसेल तर १९५० नंतरच्या दशकात निघालेले जुने पुनर्मुद्रण मिळते का, याची वापरलेल्या पुस्तकांच्या दुकानांतून चौकशी करावी.