ऑइलचा दिवा विझवायचे अडतीस हजार

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, म्हणजे एस्टीम, झेन, सँट्रो, इंडिका असलं काहीतरी, त्यांनी हे नीट वाचा. ऑइल प्रेशर, म्हणजे पंप इंजिनभर तेल ज्या दाबानं ढकलतो तो दाब, हा विषयच असा आहे की गॅरेजवाला नुसतं "प्रेशर नाही येत, इंजिन खोलावं लागंल" म्हणाला की समोरच्याच्या पोटात गोळा येतो, कारण प्रेशर डोळ्यांना दिसत नाही आणि इंजिनचं काम म्हटलं की आकडा कुठं जाईल सांगता येत नाही.

आमची २००५ ची एस्टीम, पेट्रोल, तेराशे सीसी. गाडी काकांच्या नावावर. उन्हाळ्यात असं व्हायला लागलं की गाडी पूर्ण गरम झाली आणि कोल्हापुरातल्या दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी राहिली की डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकायचा, जरा रेस दिली की गायब. सकाळी गार इंजिनवर काही नाही, डिपस्टिकवर तेल बरोबर, खालून ठकठक आवाज नाही, धूर नाही.

मी ड्युटीवर बाहेरगावी होतो म्हणून काका एकटेच हायवेजवळच्या एका गॅरेजला घेऊन गेले. नाव सांगत नाही, पण बाहेरून एकदम चकाचक, एसी वेटिंग रूम वगैरे. तिथं पोरानं ट्रेमध्ये तेल काढलं, त्यात लोहचुंबक फिरवला आणि टोकाला चिकटलेला चमचमता चुरा काकांच्या नाकासमोर धरला. "काका, बेअरिंग गेली तुमची, क्रँक घासायला लागलाय, अजून पन्नास किलोमीटर चालवली तर इंजिन सीज." दुसऱ्या दिवशी फोन करून बोलावलं आणि ओरखडे पडलेले बेअरिंगचे शेल, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवती बसणाऱ्या अर्धगोल पट्ट्या, दाखवले, हे तुमच्या गाडीतनं निघाले म्हणून. ऑइल पंप, मेन आणि कनेक्टिंग बेअरिंग, टाइमिंग बेल्ट, चेंबरचं (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग, ऑइल, फिल्टर, मजुरी सगळं मिळून ३८ हजार, तेही कच्च्या कागदावर. जीएसटी बिल पाहिजे असंल तर वर अठरा टक्के पडतील म्हणाले, मग काका कशाला मागतील.

गाडी आठवडाभर ठेवून घेतली. परत आली तेव्हा दिवा बंद. काका खूश.

पुढं क्लच कडक लागायला लागला म्हणून मी गाडी उद्यमनगरला एका मामांकडं नेली. मामा एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेले, आता घराच्या शेडमध्ये ओळखीच्यांचीच कामं करतात. त्यांनी चावी ऑनला फिरवली, स्टार्ट न करता तसंच थांबले आणि म्हणाले, "पोरा, किटली कुठाय रं?"

चावी ऑन केली आणि इंजिन बंद असलं की बॅटरीचा आणि ऑइलचा असे दोन्ही दिवे लागलेच पाहिजेत, कारण इंजिन फिरत नाही म्हणजे प्रेशर शून्य. आमच्यात बॅटरीचा लागत होता आणि ऑइलचा मेला होता. मामांनी बॉनेट उघडून टॉर्च मारून बघितलं तर ब्लॉकला जो ऑइल प्रेशरचा स्विच असतो, एका वायरचा, त्याची वायर काढून टेप गुंडाळून हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, मागं खोचून ठेवलेली. टेप सोडवून वायर इंजिनच्या बॉडीला टेकवली तर दिवा लख्ख लागला, म्हणजे बल्ब ठीक, वायरिंगही ठीक. ३८ हजारात एवढंच काम झालं होतं, टेप गुंडाळायचं! आणि समजा आंबोली घाटात खरोखर प्रेशर गेलं असतं तर दिवा लागलाच नसता, इंजिन जाम होईपर्यंत कुणाला पत्ता नाही. पैशापेक्षा या गोष्टीचा मला जास्त राग आहे.

मग मामांनी एकेक दाखवत नेलं आणि मी मोबाईलवर फोटो, व्हिडिओ काढत गेलो. या इंजिनला ऑइल पंप पुढच्या बाजूला क्रँकवरच बसलेला असतो, म्हणजे तो बदलायचा तर क्रँक पुली, टाइमिंग कव्हर, बेल्ट आणि खालचं चेंबर एवढं सगळं उतरवावंच लागतं, त्याला शॉर्टकट नाही. आमच्या चेंबरच्या बोल्टांवर जुना चिखल आणि वाळलेलं तेल जसंच्या तसं, एकाही बोल्टाला पान्याची खूण नाही. टाइमिंग कव्हर उघडलं तर बेल्ट जुनाच, तडे गेलेला, कडेचा छापसुद्धा पुसलेला. काकांनी ते शेल पिशवीत घालून घरी जपून आणले होते, ते मामांनी त्यांच्याकडच्या जुन्या एस्टीमच्या शेलला लावून बघितले तर चांगलेच मोठे, कुठल्या तरी डिझेल गाडीचे असणार.

आणि तो चुंबकाचा खेळ. शेलचा आतला थर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्या-शिशाच्या मिश्रणाचा असतो, तो चुंबकाला चिकटतच नाही. पाठीचं पोलाद चिकटतं, पण घासत तिथपर्यंत गेलेलं इंजिन ठणाठणा वाजतं, गल्लीत शिरायच्या आधी घरात ऐकू येतं. मामा हसले आणि म्हणाले, "लेथखालचा बुरा असंल, उद्यमनगरात फुकट मिळतोय पोत्यानं."

आता मूळ दुखणं काय होतं ते सांगतो. मामांनी स्विच काढून त्या जागी साधा मेकॅनिकल प्रेशर गेज लावला. आधी आत काय भरलंय बघितलं तर दाट २० डब्ल्यू ५० ग्रेडचं तेल, कुणी वायर परत जोडली तरी दिवा कमी लुकलुकावा म्हणून घातलेलं असणार. ते काढून मॅन्युअलमधल्या ग्रेडचं तेल आणि नवा फिल्टर टाकला, गाडी फुलेवाडीपर्यंत फिरवून फॅन लागेपर्यंत गरम केली आणि मगच रीडिंग घेतलं, कारण गार इंजिनवर कुठलीही गाडी छान प्रेशर दाखवते. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, १८ पीएसआय (दाब मोजायचं एकक), तीन हजार आरपीएमला ४५ च्या पुढं. मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशोब असा की दर हजार आरपीएमला दहा पीएसआय असलं तर काळजी नाही. दिव्याचा स्विच लागतो तो साधारण चार ते सात पीएसआयच्या खाली गेल्यावर, म्हणजे आमचं इंजिन त्याच्या जवळपासही नव्हतं. स्विचच खराब झालेला, आतनं तेल पाझरून कनेक्टरपर्यंत आलेलं. दोन-अडीचशेचा पार्ट.

म्हणून दिवा दिसला तर दुर्लक्ष करा असा अर्थ काढू नका हां. चालत्या गाडीत, रेस असतानाही दिवा लागून राहिला तर तिथल्या तिथं बाजूला घेऊन इंजिन बंदच करायचं आणि टो करून न्यायची. मी बोलतोय ते गरम झाल्यावर फक्त आयडलिंगला लुकलुकण्याबद्दल, तिथंही खरा बिघाड असू शकतो. पंप हळू फिरत असतो आणि तेल पातळ झालेलं असतं म्हणून कमकुवत इंजिनचं प्रेशर सगळ्यात आधी तिथंच पडतं. पण शोधायचा क्रम स्वस्ताकडनं महागाकडं असतो, तेलाची लेव्हल आणि ग्रेड, तेलाला पेट्रोलचा वास येतो का, फिल्टर लोकल आहे का, स्विच, मग गेज, आणि गेजनं खरंच कमी दाखवलं तर चेंबर उतरवून जाळी चोंदलीय का, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय का, पंप, आणि सगळ्यात शेवटी बेअरिंग. गेज न लावता जो थेट बेअरिंगवर येतो त्याच्याकडनं चावी परत घ्या. काम झाल्यावर गरम इंजिनचं रीडिंग स्वतः बघा आणि चावी ऑनला किटली लागते का ते तर शंभर टक्के बघा, याला पैसे पडत नाहीत.

गॅरेजला फोटो घेऊन गेलो तर मालक काय म्हणावा, "गिऱ्हाईकाला दिवा बघून टेन्शन येतं म्हणून वायर काढून ठेवली." पंप आणि बेल्टचं विचारल्यावर फिटर सोडून गेलाय म्हणाला. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यानंतर दोन हप्त्यांत २० हजार परत आले. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. पक्कं बिल नाही ही अडचण आहेच, पण काकांनी पैसे यूपीआयनं दिले होते आणि एस्टिमेटचा फोटो त्या लोकांनीच व्हॉट्सॲपवर पाठवलेला, "न्यू ऑइल पंप" असं त्यात स्वच्छ लिहिलंय. असलं काही तुमच्याकडं असंल तर चॅट डिलीट करू नका आणि जुने पार्ट म्हणून जे हातात देतील ते टाकून देऊ नका, आमची केस आत्ता त्या डिझेलच्या शेलवरच उभी आहे.