खळ्यातलं पाणी एकदाचं गेलं, ड्रेनेजच्या कामाचा आमचा अनुभव

यंदाचा पूर्ण पावसाळा बघून मगच लिहितेय, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात केलेलं कुठलंही काम छानच दिसतं.

रत्नागिरी तालुक्यात आमचं घर आहे, चिऱ्याचं, पुढे खळं म्हणजे अंगण, मागे आगर म्हणजे बाग. काही वर्षांपूर्वी खळ्यात पेव्हर ब्लॉक घातले आणि तिथून सगळं बिघडलं, ज्यांनी घातले त्यांनी दिसायला एकदम सपाट काम केलं पण उतार घराकडे गेला, दोन बोटांचाच असेल, जुलैत तेवढा पुरतो. पाणी जोत्याला लागून उभं, तुळशीवृंदावन पाण्यात, पडवीची भिंत कमरेपर्यंत ओली, आणि आई त्या शेवाळावरून दिवा लावायला जायची तेव्हा माझा जीव वरखाली व्हायचा.

ज्याला विचारलं त्याने शोषखड्डा मारा सांगितलं. मारला. आठ दिवसात तुडुंब. नंतर कळलं की वरचा जांभा पाणी पितो हे खरं, पण खाली शेडी म्हणजे चिकट माती लागते आणि भर पावसात विहिरीचं पाणी सुद्धा हाताला लागेल एवढं वर येतं, मग खड्ड्यातलं पाणी मुरणार कुठे?

मग शेजारच्या गावातल्या एका गवंड्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आत्ता येऊन काय दिसणार, पाऊस लागूदे मग येतो." आणि खरंच धो धो पावसात रेनकोट घालून आला, तासभर नुसता उभा राहून पाणी कुठून येतं ते बघितलं, खुंट्या मारल्या. मला इथेच विश्वास बसला. त्याने दाखवलं की अर्धं पाणी आमच्याच छपराचं आहे, १००० स्क्वेअर फूट छप्पर आणि दिवसात १०० मिमी पाऊस धरला तर ९००० लिटरच्या वर पाणी पागोळ्यांतून खळ्यात पडतं, आणि रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीच्या वर पडतो. बाकीचं वरच्या गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून झिरपून येत होतं.

काम दिवाळीनंतर केलं. छपराला पन्हळी लावून ते पाणी वेगळ्या बंद पाइपाने थेट पऱ्याला, म्हणजे ओढ्याला सोडलं. गडग्याच्या बाजूने ४५ फूट चर, दीड फुटापासून खोल होत गेलेला, त्यात आधी जिओटेक्स्टाइल कापड, मग धुतलेली २० एमएम खडी, त्यात ४ इंची भोकं पाडलेला पाइप, पुन्हा खडी, वरून कापड दुमडून घेतलं. भोकं खालच्या बाजूला ठेवली ते बघून मी चुकलं म्हणून ओरडलेच, पण बरोबर तेच आहे, चरात पाणी खालून चढतं आणि आत शिरतं, गाळ कमी जातो. कापड नसेल तर लाल माती खडीत बसून चर थोड्या वर्षात बंद होतो म्हणे, त्यामुळे पैसे वाचवायला ते गाळू नका. उतार १०० फुटाला १ फूट, तो गवंडी लेव्हल पाइपने दर दहा फुटाला तपासत होता. शेवटी ब्लॉक उचलून घरापासून बाहेर उतार देऊन परत बसवले. सगळं मिळून ६८ हजार गेले, कमी नाहीत, पण आधीचे दोनदा घातलेले पैसे आठवले की हेच पहिल्यांदा करायला हवं होतं असं वाटतं.

यावर्षी पाऊस कितीही जोराचा असूदे, थांबल्यावर दहा मिनिटात खळं रिकामं. भिंतीची ओल अजून आहे, ती सुकायला वेळ लागेल असं गवंडी म्हणतो.

दोन गोष्टी खटकल्या. काम ठरल्यापेक्षा बारा दिवस लांबलं, गडी भातकापणीला गेले होते. आणि पाइपाच्या तोंडाला जाळी लावली नव्हती, पऱ्यातले खेकडे आत शिरले, ऑगस्टमध्ये पाणी तुंबलं. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी येऊन जाळी बसवली आणि वरच्या टोकाला पाइप धुवायला झाकणाचं तोंड पण काढून दिलं, पैसे घेतले नाहीत. तुम्ही करून घेणार असाल तर जाळी आणि धुवायचं तोंड ह्या दोन्ही गोष्टी आधीच सांगून ठेवा.