कॅमेऱ्याचा विमा म्हणून विकलेला कागद

पुण्यातील एका दुकानातून आम्ही पक्षी छायाचित्रणासाठी 600 मि.मी.पर्यंतची झूम लेन्स घेतली, तेव्हा बिलासोबत कॅमेरा आणि लेन्स दोन्हींचा ‘ऑल रिस्क विमा’ आम्हाला विकण्यात आला. घरातली चोरी, प्रवासातली चोरी, पडून झालेले नुकसान, सगळ्याची भरपाई मिळेल, असे विक्रेत्याने ठामपणे सांगितले आणि हप्ता दुकानाच्या खात्यावर न घेता ‘विमा विभागाच्या’ म्हणून दिलेल्या यूपीआय क्रमांकावर घेतला. पावती म्हणून व्हॉट्सॲपवर प्रमाणपत्राचे पहिले पान आले. उरलेली पाने टपालाने येतील, असे आश्वासन होते. ती कधीच आली नाहीत.

भिगवणहून परतताना सोलापूर रस्त्यावरील एका ढाब्यावर जेवायला थांबलो असता गाडीची मागची काच फोडून बॅग पळवली गेली. एफआयआर, मूळ बिल, खोक्यावरील सीरियल नंबर आणि फुटलेल्या काचेचे फोटो असे सर्व काही आम्ही वेळेत पाठवले. उत्तर आले की गाडीत कोणी नसताना झालेली चोरी ‘अटींत बसत नाही’. ही अट कोठे लिहिली आहे, असे विचारून पूर्ण प्रत मागितली, तेव्हा कुठे ती ईमेलने आली, आणि त्यानंतर फोन उचलणेच बंद झाले.

त्या प्रतीत विमा कंपनीचे नाव एकाही पानावर नव्हते. तळाशी बारीक अक्षरांत ‘सेवा करार’ असे छापले होते, आणि जीएसटी क्रमांक 15 अक्षरी असतो, तो येथे 14 अक्षरांचाच होता. थोडक्यात, आमच्याकडून घेतलेला पैसा कोणत्याही विमा कंपनीपर्यंत पोहोचलाच नव्हता.

विमा देण्याचा अधिकार आयआरडीएआय या विमा क्षेत्राच्या नियामक संस्थेकडे नोंदणी असलेल्या कंपनीलाच असतो आणि तिच्या प्रत्येक पॉलिसीवर यूआयएन हा ओळख क्रमांक छापलेला असतो. पैसे देण्याआधी तो मागून घ्यावा आणि आयआरडीएआयच्या संकेतस्थळावर पडताळावा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तेथूनच परत फिरावे. विमा कायदा 1938 च्या कलम 64व्हीबीनुसार हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही, म्हणून तो थेट कंपनीच्याच नावे भरावा.

पॉलिसी खरी असली तरी शब्द वाचावेच लागतात. गाडीतील चोरीची अट अस्सल पॉलिसींतही आढळते, आणि लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी व्यावसायिक वापर चालतो का, हे लेखी विचारून ठेवावे. घराच्या विम्यात कॅमेरा आपोआप सुरक्षित असतो, ही समजूत तर फारच पसरलेली आहे. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत घरातील सामानाला संरक्षण आहे, पण त्यातील चोरीचे कलम आग किंवा पुरासारख्या विमित घटनेनंतरच्या 7 दिवसांपुरतेच आहे. निव्वळ घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

सर्वांत जास्त मनस्ताप झाला तो दाद मागताना. पुण्यात विमा लोकपालाचे कार्यालय आहे, तेथे तक्रारीला शुल्क लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार त्यांना आहे. परंतु समोरचा पक्ष विमा कंपनीच नसल्यामुळे आमच्यासाठी ते दार बंद झाले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार आम्ही पोलिसांकडे दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात दुकानदारालाही प्रतिपक्ष केले आहे, कारण ‘विमा’ हा शब्द त्याच्याच काउंटरवर वापरला गेला. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क नाही, मात्र तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते.

विमा कंपनीचे नाव नसलेले असे प्रमाणपत्र ज्यांच्याकडे असेल, त्यांनी नुकसान होण्याची वाट न पाहता आजच पूर्ण प्रत लेखी मागावी आणि यूपीआय व्यवहाराचा स्क्रीनशॉट व विक्रेत्याशी झालेले संदेश जपून ठेवावेत. आमच्या तक्रारीचा सगळा भार सध्या त्याच दोन गोष्टींवर आहे.