जुन्या रेसिंग सायकलसाठी क्रँक निवडताना: रेकॉर्ड, स्ट्राँगलाइट की कॉटर पिनचा पोलादी?

१९७० च्या दशकातली इटालियन सायकल पुन्हा उभी करून ती तुस्कानीतल्या 'लेरोइका'त, म्हणजे १९८७ पूर्वीच्या सायकलींसाठी भरणाऱ्या राइडमध्ये, कच्च्या रस्त्यांवर चालवायची असेल, तर क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसते तो दांडा, देखणा आहे की नाही यापेक्षा त्याला तडा कुठे जातो हे आधी पाहावे.

इटालियन कंपनी कांपान्योलोचा नुओवो रेकॉर्ड, ज्याचे बोल्ट वर्तुळ (चेनव्हील, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, धरणारे बोल्ट ज्यावर बसतात ते वर्तुळ) १४४ मिमी व्यासाचे असते, त्या सायकलीवर सर्वांत शोभतो, पण त्याच्या उजव्या क्रँकमध्ये चेनव्हीलचे फाटे मुख्य दांड्याला मिळतात तिथला आतला कोपरा धारदार असल्यामुळे ताण नेमका तिथे एकवटतो. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली राहिला तर तो कितीही वेळा आला तरी सहसा तडा जात नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी मर्यादाच नसते, त्यामुळे मागच्या मालकांनी दिलेला सगळा जोर त्या धातूत जमा झालेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. दुसरी कमकुवत जागा म्हणजे पेडलचे भोक: पेडलचा कॉलर क्रँकच्या पृष्ठभागावर सतत सूक्ष्म घासत राहतो आणि भोकाच्या कडेपासून भेग सुरू होते.

विकत घेण्यापूर्वी क्रँक काढून तेलकटपणा पूर्ण पुसावा आणि वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळणारा डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत मुरणारा रंगीत द्रव, वापरावा. लाल द्रव मुरू देऊन पुसल्यावर पांढरा डेव्हलपर मारला की साधा ओरखडा बहुधा अस्पष्टच राहतो, तर भेग बारीक लाल रेघ होऊन वर येते. रेघ दिसली की तो क्रँक भिंतीवर टांगावा. भेग वेल्डिंगने भरू नये, कारण त्या उष्णतेने मिश्रधातूची ताकद आणखी जाते. भेग नसेल तर धारदार कोपरा बारीक गोल कानशीने गुळगुळीत करणे मला आवश्यक वाटते, मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांना ते रुचले नाही तरी.

फ्रान्समधल्या सेंत-एत्येनच्या स्ट्राँगलाइट कंपनीच्या ४९डी क्रँकमध्ये बोल्ट वर्तुळ अवघे ५०.४ मिमी असल्याने लांब फाटे नाहीत, म्हणून तो कोपऱ्याचा दोषही तिथे नाही. पेडलच्या भोकाचा धोका मात्र कायम राहतो. त्याला २३.३५ मिमीचा पुलर, म्हणजे क्रँक एक्सलवरून ओढून काढायचे अवजार, लागतो, कांपान्योलोचा २२ मिमीचा चालत नाही, आणि चुकीचा लावल्यास आटे जातात.

कॉटर पिनचा, म्हणजे पाचरीसारखी पिन ठोकून एक्सलवर घट्ट बसवायचा, पोलादी क्रँक आपल्याकडच्या काळ्या रोडस्टर सायकलींवर असतो त्याच जातीचा आहे. तो जड आहे आणि त्यासाठी एक्सलही बदलावा लागतो, पण पोलाद साधारणपणे तुटण्याआधी वाकते. पिन ठोकताना क्रँकखाली भक्कम आधार द्यावा, नाहीतर घाव बेअरिंगच्या कपांवर बसतो.

वजनदार आणि चढावर उभे राहून पेडल मारणाऱ्या स्वाराने माझ्या मते ४९डी घ्यावा, तोही तपासूनच. रेकॉर्ड हलक्या स्वाराने, पेडलच्या भोकाशी पातळ पोलादी वॉशर घालून वापरावा आणि दर हंगामाआधी काढून पुन्हा तपासावा.