कानाला अचानक दडा बसल्यास: स्टेरॉइडच्या गोळ्या की कानात इंजेक्शन?

सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येईनासे झाले, कान गच्च वाटू लागला आणि आत शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, तर बहुतेक जण सर्दीने दडा बसला असे समजून वाफ घेतात, तेल घालतात आणि आठवडा घालवतात. नाकाच्या मागच्या भागातून मध्यकर्णाकडे जाणारी कंठकर्णनलिका सर्दीत किंवा विमान उतरताना बंद होते, तेव्हाही असेच वाटते आणि तो त्रास बहुधा आपोआप ओसरतो. त्यामुळे ही गल्लत स्वाभाविक असली तरी ती फार महागात पडू शकते. तोंड मिटून हुंकार दिल्यावर आवाज बंद कानात मोठा वाटला, तर अडथळा मळाचा, पडद्याचा किंवा नलिकेचा असण्याची शक्यता अधिक असते. तो चांगल्या कानाकडे गेला, तर आंतरकर्ण किंवा श्रवणाची नस दुखावल्याची शंका घ्यावी. ही घरची चाचणी निर्णायक नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ नादकाट्याने आणि ऑडिओमेट्रीने, म्हणजे यंत्रावरील श्रवणतपासणीने, खात्री करून घेतात. ७२ तासांच्या आत लगतच्या तीन वारंवारतांवर (आवाजाच्या उंच-खालच्या पट्ट्यांवर) ऐकण्यात किमान ३० डेसिबलची घट झाली असेल आणि दोष नसेचा किंवा आंतरकर्णाचा असेल, तर पुढचा प्रश्न सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइड औषधाचा येतो: ते गोळ्यांनी घ्यावे की कानात इंजेक्शनने.

काही रुग्णांचे ऐकणे उपचारांविनाही सुधारते; मात्र आपण त्यांपैकी आहोत का, हे आधी कळत नाही, आणि स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्यास अधिक संभवतो.

गोळ्या लगेच सुरू करता येतात, स्वस्त असतात आणि त्यांसाठी विशेष साधने लागत नाहीत. त्यांचा परिणाम मात्र सर्व शरीरावर होतो: झोप उडते, आम्लपित्त वाढते, रक्तदाब चढतो आणि रक्तातील साखर झपाट्याने वाढू शकते. २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) साथीत अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड यांचे एकत्र येणे किती घातक ठरते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. म्हणून मधुमेहींची भीती अनाठायी नाही, परंतु त्या भीतीपोटी उपचारच टाळणे हेही चुकीचे आहे. अशा रुग्णांसाठी इंजेक्शनचा पर्याय मला अधिक योग्य वाटतो.

इंजेक्शनात पडदा बधिर करून बारीक सुईने स्टेरॉइड मध्यकर्णात सोडतात आणि त्यानंतर काही वेळ तो कान वर ठेवून, शक्यतो न गिळता पडून राहावे लागते. दोन आठवड्यांत साधारण चार वेळा यावे लागते, त्यामुळे तज्ज्ञ लांबच्या शहरात असल्यास प्रवासाचा आणि रजेचा भार पडतो. क्षणभर वेदना व चक्कर येऊ शकते. पडद्याचे छिद्र क्वचितच कायम राहते.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत २५० रुग्णांची तुलना झाली, तेव्हा दोन महिन्यांनी गोळ्यांच्या गटात सरासरी ३०.७ आणि इंजेक्शनच्या गटात २८.७ डेसिबल सुधारणा आढळली. हा फरक नगण्य आहे. अर्थात, या चाचणीत उपचारांविना ठेवलेला गट नव्हता, त्यामुळे तिच्यावरून दोन्ही मार्ग एकमेकांच्या तोडीचे आहेत एवढेच म्हणता येते.

साखर व रक्तदाब आटोक्यात असतील आणि तज्ज्ञ लगेच भेटण्यासारखे नसतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी सुरुवात करावी. त्यामुळे इंजेक्शनची वाट बंद होत नाही: गोळ्यांनी पुरेसा गुण आला नाही, तर त्रास सुरू झाल्यापासून दोन ते सहा आठवड्यांच्या काळात इंजेक्शन देता येते.

कानातला नाद ऐकणे सुधारले की अनेकदा मंदावतो. तो उरलाच, तर श्रवणयंत्राचा आणि समुपदेशनाचा उपयोग होतो. कोणताही मार्ग घेतला तरी नसेवरील गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआयबद्दल विचारावे, आणि उपचारांपूर्वीचा ऑडिओग्राम (ऑडिओमेट्रीचा आलेख) जपून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना त्याच्याशीच होणार असते.